जुन्या विमानावर पोस्टिंग आलं तर

भरतीची तयारी करणारी खानापूर-निपाणीकडची पोरं भेटायला येतात. त्यातल्या बहुतेकांना राफेल हवं असतं, नाहीतर तेजस. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमधून सुरुवात करून मी पुढे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा तंत्रज्ञ झालो, तेव्हा माझ्या वाट्याला जॅग्वार हे जुनं लढाऊ विमान आलं. हवाई दलात हे विमान 1979 पासून आहे. सुरुवातीला फार वाईट वाटलं होतं. पण विमान सांभाळणं म्हणजे काय, हे मला त्यानेच शिकवलं.

स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, विमानं किती, यापेक्षा आज सकाळी त्यातली किती उडतील, हे महत्त्वाचं. जॅग्वार उडवणाऱ्या इतर देशांनी ते कधीच निवृत्त केलं, मग सुटे भाग आणायचे कुठून? फ्रान्स आणि ओमानकडची निवृत्त विमानं भारताने सुट्या भागांसाठीच घेतली. तेवढ्यानेही भागलं नाही, की हँगरमधल्या एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा. याला कॅनिबलायझेशन म्हणतात. एक विमान उडतं खरं, पण मेहनत दुप्पट लागते, आणि खरा धोका नोंदीत असतो. एकदा घाईत काढलेल्या हायड्रॉलिक पंपाची नोंद आमच्याकडून राहिली. पंप ठणठणीत होता, पण तो किती तास चालला हे सिद्ध करता येईना. शेवटी तो ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून तपासणी-दुरुस्तीला पाठवावा लागला आणि विमान तोवर जमिनीवरच राहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवीन विमानं आली की हा ताण लगेच हलका होईल, असं बाहेरच्यांना वाटतं. 1963 मध्ये आलेलं मिग-21 अखेर 26 सप्टेंबर 2025 ला निवृत्त झालं. त्यानंतर लढाऊ विमानांच्या मंजूर 42 स्क्वाड्रनपैकी 29 उरल्या. 83 तेजस मार्क-1ए चा करार फेब्रुवारी 2021 चा, पण त्यांच्यासाठीचं पहिलं इंजिन अमेरिकेतून मिळालं मार्च 2025 मध्ये. तोवर भार जुन्यांवरच. त्यात नव्या विमानासाठी माणसं हवीत म्हणून जुन्या स्क्वाड्रनमधले मुरलेले हात आधी प्रशिक्षणाला जातात. मागे राहतात तुमच्यासारखी नवी पोरं.

अग्निवीर म्हणून चार वर्षं मिळतात, आणि पुढे कायम होतात जास्तीत जास्त 25 टक्के. तेव्हा पहिल्या दिवसापासून जुन्या सार्जंटच्या मागे लागा. कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता बिघाडाचा, हे मॅन्युअलमध्ये नसतं. मॅन्युअल मात्र इंग्रजीतच असतं. मराठी माध्यमातून आलेला मी रोज दोन पानं मोठ्याने वाचायचो. डिप्लोमा करत असाल तर सुट्टीत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच हाताळून घ्या. आणि काम झाल्याची सही करण्याआधी प्रत्येक अवजार मोजा. एक पान्हा कमी भरला तर तो विमानातच राहिला असेल; विमान उडू देऊ नका, समोर कितीही मोठा साहेब उभा असला तरी.