न उडालेलं काडतूस लगेच फेकू नका

ट्रिगर दाबला आणि नुसतंच 'खट्' झालं, की हात आपोआप स्लाइडकडे, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाकडे, जातो. तो आवरा. पिस्तुलाचं तोंड निशाण्याकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा आणि मनातल्या मनात ३० सेकंद मोजा. क्वचित दारू उशिरा पेट घेते, आणि नेमकं तेव्हाच काडतूस बाहेर काढलेलं असलं तर ते हाताशी फुटतं. स्पर्धेत असाल तर पकड न सोडता मोकळा हात वर करा, रेंज ऑफिसर येईल.

'खट्'ऐवजी मवाळ 'फुस्स' ऐकू आलं तर प्रकरण वेगळं आहे. बुलेट बॅरलमध्येच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढची गोळी झाडायची नाही म्हणजे नाही! पिस्तूल रिकामं करा आणि बॅरल मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत ते बाजूला ठेवा.

आता ते न उडालेलं काडतूस उचला आणि त्याच बॉक्समधली एक उडालेली केस (काडतुसाचं रिकामं कवच) शेजारी ठेवा. मी भिंग वापरतो, वयाचा परिणाम. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या काडीच्या, खुणा ताडून बघा. दोन्ही सारख्याच खोल असतील तर संशय काडतुसावर. न उडालेल्यावरची खूण उथळ असेल तर पिस्तुलावर. खूणच नसेल तर पिन तुटलीय, किंवा मॅगझिनमधून काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) आलंच नव्हतं. यासाठीच मॅगझिनवर नंबर घालून ठेवावेत, म्हणजे दर वेळी एकच मॅगझिन दगा देतंय का ते कळतं.

पॉइंट टू-टूमध्ये (.२२ इंची काडतुसात) पेट घेणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी पडली, तर खूण खोल असूनही बार उडत नाही. म्हणून मी खुणेजवळ मार्करचा ठिपका देतो, काडतूस अर्धं फिरवून पुन्हा भरतो आणि झाडतो. उडालं तरी लगेच निकाल देऊ नका. चेंबरमध्ये मेण आणि शिशाचा थर साचला असेल तर काडतूस पूर्ण आत बसत नाही. पहिल्या फटक्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो आणि दुसऱ्या फटक्याला ते उडतं. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड पूर्ण मिटल्यावर तिची मागची कड कुठे येते ते पाहून ठेवा. 'खट्' झाल्यावर ती किंचित जरी मागे दिसली, तरी आधी चेंबरला ब्रश मारा. सेंटरफायरमध्येही (यात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध, प्रायमर नावाच्या छोट्या टोपीत असतो) असंच होतं: प्रायमर किंचित वर राहिला असेल तर पहिला फटका त्याला फक्त खाली बसवतो.

उथळ खुणांनी मला दोन महिने छळलं. काडतुसं बदलली, मग स्प्रिंग बदलली, तेही एकाच दिवशी, त्यामुळे कशाने काय झालं काहीच कळेना. शेवटी पिन बाहेर काढली तर तिच्या खोबणीत काकवीसारखा चिकट राप! तो माझाच पराक्रम होता. दर रविवारी मी तिथे प्रेमाने तेल सोडत होतो. सहा इअरबड काळे झाले तेव्हा कुठे पिन मोकळी हलायला लागली. आता ती जागा कोरडी ठेवतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. बॉक्सवरचा लॉट नंबरही वहीत उतरवतो.

पिन साफ असूनही खूण उथळच राहिली तर तिचं टोक झिजलंय का बघा. थकलेली स्प्रिंग ताणून लांब करण्याचा जुगाड नको, नवी बसवा. रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचा सराव करताना डमी काडतूस घाला. पॉइंट टू-टूच्या बऱ्याच पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे खड्डा पडून कंगोरा उठतो आणि मग काडतूस नीट बसत नाही. तो कंगोरा घरी कानशीने घासू नका, आर्मररकडे (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या.

तपास झाला की काडतूस रेंजवरच्या मिसफायरच्या डब्यात टाका. खिशात नको. माझं एक पँटबरोबर धुऊन निघालंय, आणि त्यावर घरी जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.