सामायिक फाइल उघडत नाही तेव्हा: कार्यालयातील दस्तऐवज, नमुने आणि डेटाबेस यांची तपासणी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि वाचनालये यांच्या कार्यालयांत साधारण एकच मांडणी आढळते. एका मुख्य संगणकावर सामायिक फोल्डर असतो, त्यात सभासदांची नोंदवही ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये, पत्रांचे व नोटिसांचे नमुने वर्डमध्ये आणि हिशेबाचे तक्ते एक्सेलमध्ये ठेवलेले असतात, आणि बाकीचे संगणक नेटवर्कवरून ते वापरतात. या मांडणीत दोष नाही. घोटाळा होतो तो फाइल उघडेनाशी झाल्यावर कोणीतरी तिची प्रत स्वतःच्या डेस्कटॉपवर घेऊन, तिला ‘नवी’ किंवा ‘नवी अंतिम’ असे नाव देऊन काम पुढे रेटतो तेव्हा. मूळ बिघाड बहुधा किरकोळ निघतो. दोन प्रतींतील नोंदी जुळवणे मात्र किरकोळ राहत नाही. म्हणून दोष सापडेपर्यंत कोणत्याही प्रतीत नवी नोंद करू नये.

तपासणीला आरंभ करताना एवढेच विचारावे की अडचण एकालाच आहे की सर्वांना. सर्वांनाच असेल तर मुख्य संगणकाकडे वळावे. एकालाच असेल तर त्या संगणकाचा पासवर्ड आणि फोल्डरचा पत्ता तपासावा. एका टेबलावर सामायिक फोल्डरला ‘झेड’ ड्राइव्ह आणि शेजारच्या टेबलावर ‘वाय’ ड्राइव्ह असे दिलेले असते, आणि मग एकाने केलेली लिंक दुसऱ्याकडे तुटते. अशा वेळी ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा संपूर्ण नेटवर्क पत्ता वापरावा. नावाने पत्ता उघडत नसेल, पण मुख्य संगणकाच्या आयपी क्रमांकाने, म्हणजे नेटवर्कवरील त्याच्या ओळख-क्रमांकाने, उघडत असेल, तर फाइल सुखरूप असून दोष नाव ओळखण्याच्या व्यवस्थेत आहे असे समजावे. दोन्ही प्रकारे उघडत नसेल तर केबल आणि स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) पाहून झाल्यावर मुख्य संगणकावरील नेटवर्क ‘पब्लिक’ तर झालेले नाही ना, हे पाहावे; तसे असल्यास विंडोज फाइल सामायिक करू देत नाही.

जुना संगणक किंवा जुने स्टोरेज यंत्र एकाएकी दिसेनासे झाले असेल तर कारण बहुधा एसएमबी या नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत सापडते. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून ती मुळातूनच बसवली जात नाही. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो स्वीकारू नये, कारण मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतील त्रुटीतून पसरला होता. जुने यंत्र बदलणे हाच सरळ मार्ग आहे. तसेच, मुख्य संगणकावर सर्व्हरची नव्हे तर नेहमीची विंडोज असेल, तर एका वेळी २० पेक्षा अधिक संगणक त्याला जोडता येत नाहीत.

‘फाइल दुसऱ्या व्यक्तीकडून वापरात आहे’ असा संदेश येतो आणि ती व्यक्ती तर रजेवर असते, हा प्रकार वारंवार घडतो. वर्ड व एक्सेल फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये ~$ या चिन्हांनी सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार करतात आणि मूळ फाइल बंद होताना ती काढून टाकतात. वीज गेली किंवा संगणक अडकला तर ती तशीच राहते. मुख्य संगणकावर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधील ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’ची यादी मिळते. तेथे ती फाइल खरोखर कोणाकडे उघडी नाही याची खात्री करावी आणि मगच ही छोटी फाइल काढावी. यादीतील जोडणी बळाने तोडल्यास त्या व्यक्तीचे न साठवलेले काम जाते, त्यामुळे आधी तिला फोन करावा.

ॲक्सेसच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. तेथे कुलपाच्या फाइलचा (डेटाबेस कोण वापरत आहे याची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फाइलचा) प्रत्यय, म्हणजे नावाचा शेवटचा भाग, एलएसीसीडीबी, आणि जुन्या स्वरूपात एलडीबी असतो. ती निर्माण करण्याची व काढण्याची परवानगी प्रत्येक वापरकर्त्याला त्या फोल्डरमध्ये असावी लागते, नाही तर पहिल्याने डेटाबेस उघडला की दुसऱ्याला तो उघडत नाही किंवा केवळ वाचता येतो. सामायिकीकरणाची परवानगी आणि डिस्कवरील फोल्डरची परवानगी या दोन वेगळ्या असून दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. पहिली ‘फुल कंट्रोल’ असूनही काम अडते, त्याचे कारण दुसरीत असते.

डेटाबेस वारंवार बिघडत असेल तर तो दोन भागांत विभागलेला आहे का, हे आधी पाहावे. तक्ते एका फाइलमध्ये मुख्य संगणकावर आणि फॉर्म व अहवाल दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्येक संगणकावर स्वतंत्र, अशी ती विभागणी असते. एकच फाइल सर्वांनी एकदम उघडून वापरणे हे बिघाडाला आमंत्रण आहे. वायफायवरून किंवा क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमधून ॲक्सेस चालवू नये. नोंद लिहिली जात असताना जोडणी तुटली की फाइल खराब होते, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस मुख्य संगणकाला असतो, पण नेटवर्कचा स्विच विसरला जातो. त्यालाही तो हवाच. दुरुस्तीसाठी सर्वांना बाहेर पडायला सांगून, फाइलची बॅकअप प्रत घेऊन, मगच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे. फाइल २ जीबीच्या मर्यादेजवळ आली असेल तर मात्र या उपायाने फार काळ भागत नाही.

नमुन्यांच्या तक्रारी सौम्य, पण चिवट असतात. पत्र उघडायला बराच वेळ लागत असेल तर ते बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरवरील नमुन्याला जोडलेले असण्याचा संभव असतो. ‘डेव्हलपर’ टॅबमधील ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’ येथे तो पत्ता दिसतो आणि तेथेच बदलता येतो. नमुन्यावर डबल क्लिक केले की नवे पत्र तयार होते, पण उजव्या क्लिकने ‘ओपन’ केले की नमुनाच उघडतो आणि कालच्या सभासदाचे नाव त्यात कायमचे बसते. नमुन्यांच्या फोल्डरमध्ये बहुतेकांना केवळ वाचण्याची परवानगी देणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

आपल्या भागात कन्नड, मराठी आणि इंग्रजी असा तिहेरी पत्रव्यवहार चालतो, त्यामुळे अक्षरांचे दोष अधिक भेटतात. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. पण अशा मजकुरात नावांचा शोध आणि अकारविल्हे क्रम भरवशाचा नसल्यामुळे किमान सभासदांची नोंदवही तरी रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणावी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

शोध अर्धवट निकाल देत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलले, आणि तेव्हापासून पत्त्यांच्या रकान्यात बेळगाव, बेळगावी, बेळगांव ही रूपे शेजारी-शेजारी नांदत आहेत. गाव हाताने लिहिण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय करावी आणि गावांची नोंद पिन कोडशी पडताळून घ्यावी. पत्रशीर्षकाचा नमुनाही त्याच वेळी सुधारावा. आधी पाठवून झालेल्या पत्रांच्या फाइलींना मात्र हात लावू नये, कारण त्या कार्यालयाचे दप्तर आहेत.