मांजराचा पुरुमेंत

मृग लागण्याआधी गोव्यातल्या घरोघरी मिरच्या, सोले, सुकी मासळी आणि खारवलेल्या कैऱ्या भरून ठेवण्याची, म्हणजे पुरुमेंताची, लगबग सुरू होते. त्या यादीत मांजराची तरतूद मात्र क्वचितच असते. फोंड्यातील आमच्या घरी बोका आला, त्या पहिल्या पावसाळ्यात आम्हीही हीच चूक केली होती. वर्षभर बांगड्याच्या डोक्यांवर वाढलेल्या त्या बोक्यासमोर जूनमध्ये दूधभात ठेवला, तेव्हा त्याने तो एकदाच हुंगला आणि विष्ठा झाकताना उकरतात तशी ताटलीभोवतीची जमीन पंजाने उकरून तो कोपऱ्यात जाऊन बसला.

गोव्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि त्यातच किंवा त्यापाठोपाठ श्रावण येत असल्यामुळे अनेक हिंदू घरांत थेट चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होईपर्यंत मासळी शिजत नाही. मांजर मात्र मूलतः मांसाहारी प्राणी आहे. डोळ्यांना आणि हृदयाला आवश्यक असलेले टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते, त्यामुळे केवळ दूधभातावर ते निरोगी राहू शकत नाही. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचत नाही आणि जुलाब होतात. ज्यांना श्रावणात घरात सामिष शिजवायचे नसेल, त्यांच्यासाठी मांजरांचे तयार कोरडे खाद्य हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. हा बदल मेच्या मध्यापासूनच सुरू करावा: आधी नेहमीच्या जेवणात पाव भाग नवे खाद्य मिसळावे आणि ते प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावे. भूक लागली की आपोआप खाईल, असे समजून मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर विशेषतः स्थूल मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि ते दुखणे जिवावर बेतू शकते; म्हणून एक पूर्ण दिवस अन्न नाकारल्यास पशुवैद्यांना दाखवावे.

मासळी मिळते त्या दिवसांतही ती उकडून आणि काटे काढूनच द्यावी, कारण अनेक जातींच्या कच्च्या मासळीतील एक एन्झाइम ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते. रोज केवळ तारल्या-बांगड्यांसारखी तेलकट मासळी देणेही योग्य नाही. खारी सुकी मासळी आणि कांदा-लसूण घातलेले हुमण, म्हणजे मासळीची आमटी, मांजराला अजिबात देऊ नये. कोरडे खाद्य दमट हवेत मऊ पडते आणि त्याला बुरशी धरते, त्यामुळे लहान पाकिटे आणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. मुंग्या लागू नयेत म्हणून खाण्याची वाटी पाणी घातलेल्या पसरट ताटात ठेवावी.

दुसरी अडचण शौचाची. एरवी परसात जाणारे मांजर भिजलेल्या चिखलात पाय ठेवायला तयार होत नाही आणि मग तांदळाच्या पोत्यामागचा कोपरा निवडते. त्यासाठी मेमध्येच कोरडी बारीक रेती चाळून झाकणाच्या पिंपात भरून ठेवावी, आणि पडवीच्या शांत कोपऱ्यात, खाण्याच्या जागेपासून दूर, पसरट घमेल्यात ती तीन-चार बोटे जाडीची पसरावी. एकाहून अधिक मांजरे असल्यास मांजरांच्या संख्येपेक्षा एक घमेले जास्त ठेवावे. विष्ठा रोज काढावी. घरात गर्भवती स्त्री असल्यास हे काम दुसऱ्याने करावे, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची लागण होऊ शकते आणि ते जंतू संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागत असल्यामुळे रोजच्या सफाईने धोका पुष्कळ कमी होतो. घमेले गरम पाण्याने आणि साध्या साबणाने धुवावे. फिनेल मात्र तेथे आणि मांजर फिरते त्या फरशीवर वापरू नये, कारण मांजर आपले पंजे चाटते आणि त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये त्याच्या यकृताला पेलत नाहीत.

दमट हवेत कानाजवळ किंवा पायावर केस गेलेले गोल चट्टे दिसले, तर तो नायटा असू शकतो आणि तो मुलांनाही लागतो. मांजर वेगळ्या खोलीत ठेवून उपचार करावेत. कुत्र्यासाठी आणलेले गोचिडांचे औषध मांजराला कधीही लावू नये, कारण त्यात परमेथ्रिन असल्यास मांजर दगावू शकते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्यासाठी प्राणघातक ठरू शकते.

दवाखान्यात नेण्याची पेटी किंवा झाकणाची टोपली आधीच आणून, तिच्यात जुनी चादर घालून माजघरात उघडी ठेवावी, म्हणजे मांजर स्वतःहून तिच्यात झोपू लागते आणि ऐन पावसात त्याच्यामागे धावावे लागत नाही. ही टोपली बोक्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. बोका पुन्हा पुन्हा घमेल्यात बसून कुंथतो, पण रेती कोरडीच राहते, असे दिसल्यास ते बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करीत बसू नये. मूत्रमार्ग बंद झाला असल्यास एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो, म्हणून पाऊस थांबण्याची वाट न पाहता त्याच वेळी त्याला दवाखान्यात न्यावे.