कलमावरून माणूस पडला तर

आंबे काढताना गडी कलमावरून, म्हणजे कलमी आंब्याच्या झाडावरून, पडला की चहूकडून एकच ओरडा होतो, ‘उचला, उचला!’ बागायतदारांनो, तो ओरडा तिथल्या तिथे थांबवा. दोघं खाकेत हात घालतात, दोघं पाय धरतात आणि माणूस टेम्पोत. मणका मोडला असेल तर त्या ओढाताणीत मज्जारज्जू दुखावतो आणि पडल्यावर हलत असलेले पायही कायमचे लुळे पडू शकतात.

त्याला आहे तसा पडून राहू द्या. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं. मान वळवायची नाही, उशी द्यायची नाही, पाणीही पाजायचं नाही. दुसऱ्याने 108 लावायचा. मग विचारा: बोटं हलतात का, पायांना मुंग्या येतात का, मान-पाठ दुखते का? आपल्याकडे बरेच गडी नेपाळहून येतात. मजुरी बुडेल या धास्तीने ‘ठीक छ’ म्हणत उठायला बघतात. आधी सांगा, ‘मजुरी कापणार नाही, दवाखान्याचा खर्च माझा.’ या शब्दाने माणूस पडून राहतो.

उलटी झाली तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. श्वासच थांबला असेल तर मात्र मणक्याचा विचार करत थांबू नका. छातीच्या मधोमध जोरात दाब द्या, मिनिटाला 100 ते 120.

कातळावरच्या बागेपर्यंत गाडी येत नसेल तर मांगराचं, म्हणजे बागेतल्या खोपटाचं, दार काढा. त्यावर तसंच एकसंध वळवून घ्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा, कपाळ आणि छाती दाराला बांधा. उचलायचा इशारा डोकं धरणाऱ्यानेच द्यायचा.

चालत घरी गेला तरी निदान 24 तास लक्ष ठेवा. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, गुंगी आली, की लगेच डॉक्टर.

पडूच नये म्हणून: दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे लांब काठीला लावलेली फळं काढायची जाळी, वापरला की बरीच फळं खालूनच देठासकट निघतात. वर जायचंच असेल तर साल दवाने ओली असताना नको, सुकलेल्या खांदीवर पाय नको, हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, घर असलेली खांदी तर नकोच. चावले की हात आपोआप सुटतो. कमरेला पट्टा लावून दोर वरच्या जाड खांदीला बांधा. आणि बागेत मोबाईलला रेंज नेमकी कुठे मिळते, ती जागा हंगामाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक गड्याला दाखवून ठेवा.