शिक्षा कमी झाली असं वाटतंय? आधी निकालपत्र शेवटून वाचा

निकाल ऐकून तसेच माझ्याकडे धावत येऊ नका. आधी नक्कल विभागात अर्ज टाका, सही-शिक्क्याची नक्कल हातात घ्या, मग या. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांत मी पीडित मुलांच्या घरच्यांकडून वकील म्हणून उभी राहते. 'एवढीच वर्षं?' याचं उत्तर त्या कागदातच असतं.

शेवटचा आदेश वाचा. कलम कुठलं, गुन्हा कधीचा? पोक्सोच्या कलम ६ ला (मुलांवरच्या गंभीर स्वरूपाच्या बलात्काराला) आज किमान २० वर्षं आहेत, पण १६ ऑगस्ट २०१९ पासून. त्याआधीच्या गुन्ह्याला किमान १०. गुन्हा घडला तेव्हा कायद्यात नव्हती ती वाढीव शिक्षा राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मुळे देता येत नाही, आणि आरोपी कितीही नालायक असला तरी ते योग्यच आहे. 'शिक्षा एकत्रित भोगायच्या' असं लिहिलं असेल तर पाच आणि तीन मिळून आठ होत नाहीत, पाचच राहतात. कच्च्या कैदेतले दिवसही वजा होतात.

मेख पुढे आहे. कोर्टाने हलक्या कलमाखाली दोषी धरलं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम ४१३ खाली तुम्ही स्वतः अपील करू शकता. कलम बरोबर पण वर्षं कमी असतील, तर नाही. परविंदर कन्सल प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तसंच ठरवलं. ते अपील सरकारने करायचं, कलम ४१८ खाली. ज्यांच्या पोरीवर बेतलं त्यांनीच गप्प बसायचं, हे मला पटत नाही. पण आज कायदा असा आहे.

म्हणून सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या, प्रत विधी व न्याय विभागाला, दोन्हीकडची पोच घ्या. सत्र न्यायालयाचा निकाल असेल तर उच्च न्यायालयात जायला सरकारला ६० दिवस असतात. 'शिक्षा फार कमी वाटते' असं मोघम लिहू नका. किमान शिक्षेच्याही खाली गेले असतील तर पहिल्याच ओळीत कलम आणि आकडा टाका. एक धोका मात्र आहे: या अपिलात आरोपीलाही निर्दोष सुटका मागता येते.

कलम बदललं की काय होतं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या जानेवारी २०२१ च्या निकालात दिसलं. १२ वर्षांची मुलगी, स्पर्श कपड्यांवरून, म्हणून पोक्सोचं कलम ८ (मुलांवरच्या लैंगिक हल्ल्याची शिक्षा) गेलं आणि तीन वर्षांचं एक झालं. केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, ॲटर्नी जनरल, स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला आणि तीन वर्षं परत आली.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. नक्कल आणि पोचपावत्या सोबत न्या.