मार्डी ग्राचं जेवण आणि किंग केक

मार्डी ग्रा म्हणजे फ्रेंचमध्ये 'चरबीचा मंगळवार'. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, मग ईस्टरपर्यंत उपवासकाळ. त्याआधी लोणी, अंडी, मांस यांवर ताव मारून घ्यायचा. आपल्या गटारीचा दूरचा चुलतभाऊच. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात हा हंगाम ६ जानेवारीला सुरू होतो. २०२७ मध्ये तो मंगळवार ९ फेब्रुवारीला आहे.

पंगत मात्र शेवटच्या शनिवारी ठेवू नका. किंग केक म्हणजे या हंगामाचा खास केक. त्यात लपवलेलं प्लास्टिकचं छोटं बाळ ज्याच्या वाट्याला येईल त्याने पुढचा केक आणायचा असतो, आणि मंगळवारनंतर हा केक खात नाहीत. दोन आठवडे हाताशी ठेवा.

गंबो म्हणजे तिथला दाट रस्सा. तो आदल्या दिवशीच करा, मुरल्यावर चव वाढते. अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी मैदा, मंद आच, आणि चॉकलेटी रंग येईपर्यंत पाऊण तास ढवळणं. लाडवाचं बेसन भाजणाऱ्याला हे सांगायला नको. काळे ठिपके दिसले तर सरळ फेकून द्या. करपलेला रू (तेलात भाजलेला हा मैदा) कशानेही सुधारत नाही. मग बारीक चिरलेला कांदा, सेलरी, हिरवी ढोबळी मिरची (तिथे या त्रिकुटाला 'होली ट्रिनिटी' म्हणतात), लसूण, तमालपत्र, थाइम, दीड लिटर स्टॉक, चिकन आणि सॉसेज. तासभर शिजू द्या. वाढताना वाटीत थोडासाच भात. शाकाहारी मित्रांसाठी सॉसेज न घालता राजमा-भात, म्हणजे रेड बीन्स अँड राइस.

केक खरं तर गोड पावच. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७५ ग्रॅम साखर, दोन अंडी, १७५ मिली कोमट दूध, चमचाभर मीठ, जायफळ, लिंबाची किसलेली साल. मळताना १०० ग्रॅम मऊ लोणी थोडंथोडं घाला. पीठ हाताला चिकटेल. वरून मैदा भुरभुरू नका, मळत राहा. दुप्पट फुगलं की आयताकृती लाटा, लोणी, ब्राउन शुगर, दालचिनी पसरा, गुंडाळी करून टोकं जोडा. मधलं भोक बुजू नये म्हणून तूप लावलेली स्टीलची वाटी ठेवा. पुन्हा फुगू द्या, १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा.

गार झाल्यावर खालून चीर देऊन प्लास्टिकचं बाळ आत सरकवा. भट्टीत घालायचं नाही, वितळतं. बाळाऐवजी अख्खा बदामही चालतो. लहान मुलं असतील तर कापण्याआधी सगळ्यांना बजावा. वर पिठीसाखर-दुधाचं आयसिंग, त्यावर ओलं असतानाच जांभळी, हिरवी, सोनेरी साखर. हे रंग मार्डी ग्राची मिरवणूक काढणाऱ्या रेक्स मंडळाने १८७२ मध्ये आणले. न्याय, श्रद्धा, सत्ता हे अर्थ नंतर चिकटले.

सुरी बाळाला लागली तर चेहरा कोरा ठेवा आणि तो तुकडा तसाच वाढा. काही हुशार पाहुणे सुरीएवढ्या पातळ फोडी घेतात, त्यांना दुसरी फोड आग्रहाने वाढा.