मावा दिसला की आधी पान उलटा

दोन दिवस ढगाळ हवा पडली की चवळीचे शेंडे काळ्या माव्याने, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीने, भरतात आणि हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. माझाही जायचा. एका वर्षी वांग्याच्या पानांवर मला काळे, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीच्या पिल्लासारखे लांबुडके किडे दिसले. नवीनच कीड आली म्हणून घाबरून सगळ्या प्लॉटवर कडक औषध मारलं. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या, अळ्या होत्या. मावा खायला आलेल्या. आठ-दहा दिवसांत मावा पुन्हा चढला, पहिल्यापेक्षा जास्त, आणि त्याला खायला शेतात कोणीच उरलं नव्हतं.

म्हणून आता मी फवारणीच्या आधी मोजणी करते. सकाळी ऊन तापायच्या आत प्लॉटमधून तिरकं चालत २० झाडं बघायची. प्रत्येक झाडाचा शेंडा आणि दोन पानं, तीही उलटी करून. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. माव्याच्या पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसतात, ती त्याची खूण. पानावर पांढरा कोंडा दिसला तर ती टाकलेली कात आहे, पांढरी माशी समजू नका. पानं चिकट लागली, त्यावर काजळी धरली, खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली, की मावा बराच आधीपासून आहे असं समजा.

तो इतका पटापट वाढतो याचं कारण साधं आहे. उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालतात, आणि ते पिल्लू साधारण आठवडाभरात स्वतः पिल्लं घालू लागतं. माव्याला संपवणाऱ्या मित्रकीटकांना अंडी, अळी, कोष असं सगळं पार करावं लागतं, म्हणून ते मागून येतात. सगळी गफलत या मधल्या दिवसांत होते. तेवढ्यात आपण औषध मारलं की मावा सावरतो, ते सावरत नाहीत.

आता माव्याच्या गर्दीत काय शोधायचं ते सांगते. पिवळ्या-नारिंगी, उभ्या, एकमेकींना खेटून घातलेल्या अंड्यांचा झुपका म्हणजे ढालकिडा. केसासारख्या बारीक देठावर अधांतरी असलेलं एकेकटं अंडं क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका मित्रकीटकाचं. हिरवट, बिनपायांची, एका टोकाला निमुळती अळी मावा तोंडात धरून उचलताना दिसली तर ती सिरफिड माशीची, म्हणजे फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माशीची. पानं खाणारी अळी समजून तिला चिरडू नका.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो फुगलेल्या, सोनेरी-तपकिरी, कागदासारख्या कोरड्या माव्यावर. त्याला ममी म्हणतात. मुंगीपेक्षाही बारीक अशी एक गांधीलमाशी जिवंत माव्याच्या पोटात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते आणि तिथेच कोष करते. ममीच्या पाठीवर गोल, नीट कापलेलं भोक दिसलं तर माशी बाहेर पडून कामाला लागली म्हणून समजा. एका पानावर अशा चार-पाच ममी दिसल्या आणि जवळपास अळ्याही असल्या, तर मी पंप भरत नाही. तीन दिवसांनी तीच झाडं पुन्हा बघते. त्यासाठी त्यांना आधीच सुतळी बांधून ठेवते.

मित्रकीटक कमी आणि मावा वाढता असेल तर फक्त लागलेल्या झाडांवर पाण्याचा जोरदार फवारा खालून वर मारा. खाली पडलेला मावा फारसा परत चढत नाही. तरी भागलं नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, १०० लिटर पाणी करायचं आणि थोडा साबण घालायचा. कोबीवरच्या राखाडी माव्याच्या अंगावर मेणाची भुकटी असते, साबणाशिवाय पाणी त्यावरून ओघळून जातं. फवारणी संध्याकाळी करा, आणि ममी असलेली पानं सोडा.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. माव्याने सोडलेल्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात. त्यांची वारुळं आणि वाटा आधी मोडा. युरियाचा हातही आखडता ठेवा. कोवळी लुसलुशीत वाढ माव्याला फार मानवते.

काकडी आणि मिरचीचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे मावा मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या रोगाचा, विषाणू आणतो, आणि तो सोंड टोचल्यावर काही सेकंदांत झाडात जातो. औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून लागवडीच्या आधी कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी दाट लावा. उडत आलेला मावा आधी मक्यावर टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. रोगट झाड दिसलं की उपटा.

मित्रकीटक टिकायला फुलं लागतात, कारण पूर्ण वाढ झालेली सिरफिड माशी आणि गांधीलमाशी फुलांतल्या मधावर जगतात. दर सातव्या-आठव्या सरीला थोडी कोथिंबीर किंवा शेपू न काढता फुलू द्या.

आणि जुनं पीक उपटताना ममी असलेली पानं फेकू नका. रुंद तोंडाच्या बाटलीत भरून तोंडाला बारीक विणीचं कापड बांधा आणि सावलीत ठेवा. आठवडाभर रोज बघा. काचेवर बारीक काळ्या माश्या चालताना दिसल्या की बाटली नव्या प्लॉटमध्ये न्या आणि मावा लागलेल्या झाडाच्या बुडाशी कापड सोडा.